मलकाचं ताट

ही गोष्ट सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. कुणी विषय काढलाच तर मी बोलणं आंब्याच्या मोहोरावर नेत असे, नाहीतर गुरं बघायला म्हणून उठून जात असे. माझ्या बायकोलाही ती अर्धीच ठाऊक होती आणि ती अर्धीच घेऊन गेली. गावात मात्र ही गोष्ट एका वेगळ्याच रूपात सगळ्यांना माहीत आहे. ते रूप खोटं आहे, हे जाणणारे आम्ही दोघं उरलो होतो. आता मी एकटा उरलो...

वैशाख संपत आला होता. अंगणात आमसुलं वाळत घातली होती आणि मी ती पालटत बसलो होतो. सुनेनं फोन आणून माझ्या कानाला लावला. पलीकडून इस्रायलमधून एलिया बोलत होता, माझा मित्र दानियल याचा मुलगा. "बाळूकाका, बाबा गेले. झोपेतच गेले." दानियल नव्वदीच्या पुढे होता, मीही काही फार मागे नाही. ही बातमी कधीतरी येणार हे मला कळत होतं. तरी हातातली आमसुलं खाली पडली आणि ती उचलायचं मला सुचेना. पण खरा हादरा पुढे बसायचा होता. थोडं रडून झाल्यावर एलिया म्हणाला, "काका, आमच्या होळीच्या सणाला बाबा दरवर्षी पहिलं ताट तुमच्या नावानं काढायचे. द्यायचे शेजाऱ्यांना, पण म्हणायचे, हे बाळूचं. माझी बहीण गेली त्या वर्षी तुम्ही ताट परत पाठवताना त्यात ओले काजूगर घातले होतेत ना? त्या दिवसांत आईनं काही खाल्लं ते तेवढेच, असं बाबा सांगायचे."

मी "होय" म्हणालो.

मी काजूगर घातले नव्हते. मी काय केलं होतं ते दानियलला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला, रिबकावहिनींना ठाऊक होतं, मागाहून माझ्या आईला कळलं, आणि मला तर होतंच. आणि ह्या माणसानं आपल्या मुलांना, नातवंडांना वर्षानुवर्षं हे असं सांगितलं... फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ उन्हात तसाच बसून होतो. सून येऊन म्हणाली, "बाबानू, सावलेत तरी येवा." तिला वाटलं, मित्र गेल्याचं दुःख.

आमचा गाव मालवणच्या उत्तरेला, आचऱ्याच्या वाटेवर. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, सगळं रत्नागिरीतच मोडत असे. एकोणीसशे साठच्या आगेमागे गावात सरकारी दवाखाना आला, तो आमच्याच मांगरात. मांगर म्हणजे शेताच्या कडेचं भात-अवजारं ठेवायचं घर. माझ्या वडिलांनी, आबांनी, ते रिकामं करून दिलं. पुढच्या खोलीत औषधं, मागच्या दोन खोल्यांत कंपाउंडरचं बिऱ्हाड. डॉक्टर मालवणहून आठवड्यातून एकदा येत, बाकी सगळा भार कंपाउंडरवर. तो कंपाउंडर म्हणजे दानियल. मूळचा अलिबागकडचा, बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणात पिढ्यान् पिढ्या राहिलेला ज्यू. घरात आमच्यासारखंच मराठी बोलणारा. बायको रिबका, आणि मुलगी मलका, तेव्हा चारेक वर्षांची. मी गावच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. आमच्या दोन घरांमध्ये एक चिऱ्यांचा गडगा तेवढा होता आणि तोही आईनं येण्याजाण्यासाठी एका ठिकाणी पाडायला लावला.

गावाला त्याच्या धर्माचं पहिलं कळलं ते माशांवरून. बांगडा, सुरमई तो आवडीनं खाई, पण कोळंबी, तिसऱ्या, कुर्ल्या ह्यांना हात लावत नसे. ज्या माशाला खवले नाहीत तो त्यांना चालत नाही. चहाच्या हॉटेलात त्यावरून त्याची फार थट्टा होई. कुणी म्हणे, "कंपाउंडरानू, कुर्ली खाणा नाय तर मालवणात बदली कित्याक घेतलास?" दानियल म्हणे, "तुमच्या वाट्याच्या कमी होऊ नयेत म्हणून." आईनं मात्र कधी काही विचारलं नाही. एकदा ऐकलं ते ऐकलं. पुढे तिच्या घरून गेलेल्या वाटीत कधी चुकूनही कोळंबी गेली नाही.

फाल्गुन पौर्णिमेला त्यांचा एक सण येई. एका राणीनं आपल्या माणसांना कत्तलीतून वाचवलं, त्याची आठवण. आमच्या होळीच्या जोडीनंच येतो, म्हणून बेने इस्रायल मराठीत त्यालाही होळीचा सणच म्हणतात. पुरणपोळीसुद्धा तीच. आमच्या गावातल्या त्यांच्या पहिल्या होळीला त्यानं आम्हाला संध्याकाळी बोलावलं. तो पोथी वाचत होता आणि पोथीत हामान नावाच्या दुष्ट प्रधानाचं नाव आलं की सगळ्यांनी गोंगाट करून ते नाव बुडवायचं होतं. मलकाच्या डोक्यावर बेगडाचा मुकुट होता, ती राणी. मांडीवर पितळेचं ताट उपडं घेऊन ती पळीनं ते बडवीत होती. नाव यायच्या आधीच बडवायला लागे आणि दानियल म्हणे, "थांब गं, अजून आला नाही तो." आई दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, "ह्यो हामान खंयचो मेलो?"

"फार लांबचा, आई. इराणकडचा."

"लांबचो कसलो? आमच्या वाडयेत पण एक आसा," असं म्हणून आई खाली बसली आणि तिनंही पायानं जमीन बडवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी मलका तेच ताट दोन्ही हातांत धरून, वर रुमाल झाकून, आमच्याकडे पोळ्या घेऊन आली. "मित्राच्या घरी ताट गेलं नाही तर आमचा सण होत नाही," दानियलनं मला सांगितलं. "अलिबागला आमची पुष्कळ घरं. इथे मला तूच." आईनं ताट रिकामं परत पाठवलं नाही. त्यात ओले काजूगर घातले. मलका ते वाटेतच कच्चे खात गेली.

अशा दोन होळ्या झाल्या. तिसरीच्या आधी, माघात, मलकाला घटसर्प झाला. मी तिला शाळेत घातलं होतं, ती 'म' फार सुंदर काढायची. सकाळी घसा दुखतो म्हणाली आणि दुपारी तिला श्वास घेता येईना. दवाखान्यात त्यावरचं इंजेक्शन नव्हतं. आम्ही होडीनं मालवणला निघालो. दानियल तिचं डोकं उंच धरून बसला होता. त्याला सगळं कळत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मालवणच्या बंदरात उतरायच्या आधीच ती गेली.

परत आल्यावर दानियलनं आबांना विचारलं, "आमचं कबरस्तान सगळं तिकडे. हिला इथे कुठे ठेवू?" आबा म्हणाले, "माझ्या बागेत ठेव. काजीच्या मुळात ठेव. थंय सावली आसा." काजी म्हणजे काजूचं झाड. दानियलच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आम्ही त्यांच्या धर्माचे नसल्यामुळे धरले जाणार नाही, हे त्याला माहीत होतं. तरी गावातले दहा जण त्याच्यामागे उभे राहिले आणि त्यानं एकट्यानं म्हणायचं ते म्हटलं. त्या दिवसापासून रिबकावहिनींनी अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून पडून असत. आई पेज घेऊन जाई आणि तशीच परत आणी.

महिन्याभरात होळी आली. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं त्या घरात वर्षभर सण होत नाही, गोडधोड शिजत नाही. मलका आमच्या घरातली नव्हती, पण आई म्हणाली, "औंदा आमच्याकडे पुरण नाय." आबांनी मान हलवली. मला ते फार बरोबर वाटलं. मलाही तेव्हा काही गोड लागत नव्हतं, शाळेत तिची जागा रिकामी होती. गावची होळी पेटली तेव्हा मी नारळ टाकून लगेच परतलो. वाटेत मांगराच्या खिडकीत उजेड दिसला आणि आतून दानियलचा पोथी वाचण्याचा आवाज ऐकू आला. मी तिथेच खिळून उभा राहिलो. एका जागी वाचता वाचता तो थांबला. मग फक्त पाय आपटल्याचा आवाज आला, एकट्याचा. मग पुन्हा वाचणं सुरू झालं. मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या पायरीशी आला. धुतलेला पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात ताट, वर रुमाल. रुमालाखालून वेलचीचा वास येत होता. आई गोठ्यात होती, आबा माडांना पाणी लावायला गेले होते. मी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, एकटाच. त्याच्या मनगटाला अजून पीठ लागलेलं होतं. मला इतका धक्का बसला की बसायला सांगायचंही सुचलं नाही. ज्या मुलीसाठी आमच्या घरात पुरण शिजलं नव्हतं, तिचा बाप पुरणपोळ्या घेऊन आला होता.

"बाळू, सणाचं ताट," तो म्हणाला. "पोळ्या जरा करपल्या आहेत. मी लाटल्या. पण करंज्या रिबकानं केल्या. आज उठली रे ती. चुलीपाशी बसली."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं होतं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. त्याचा अर्थ कळायला मात्र मला वर्षं लागली. तेव्हा मी म्हणालो, "चेडू जावन महिनो जावक नाय, आणि पोळये कसले वाटतंस?"

तो शांतपणे म्हणाला, "आमच्यात हा सण चुकवता येत नाही, बाळू. ज्या वर्षी हसू येत नाही त्या वर्षी तर नाहीच. आणि तिचा आवडता होता हा."

खळ्यात घडलेलं गावाला ठाऊक आहे ते एवढंच. मी ताट घेतलं नाही आणि परत पाठवलं, एवढं सगळ्यांना माहीत आहे, कारण ते मी स्वतःच सांगितलं. पुढचं मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. रिबकावहिनी गडग्याच्या फटीत येऊन उभ्या राहिल्या होत्या. महिन्यानं त्या उन्हात आल्या होत्या. ताट घेतलं जातं का, ते बघायला आल्या असाव्यात. त्या मला दिसल्या आणि तरीही मी बोललो, "चेडू आमच्या बागेत निजलाहा. त्या मातयेची तरी लाज धरूची होतीस."

रुमाल एका बाजूनं घसरला होता तो दानियलनं नीट केला आणि ताट घेऊन वळला. वहिनी तोपर्यंत आत गेल्या होत्या. आई गोठ्यातून आली, तिनं विचारलं, "कोण इल्लो?" मी म्हणालो, "कोण नाय."

दुपारी मी हॉटेलात गेलो आणि पोळ्यांचं सगळ्यांना सांगितलं. बागेचं नाही सांगितलं, ते बोलताना माझी मलाच लाज वाटली असावी. पण उरलेलं सांगताना मी चढ्या आवाजात सांगितलं, आणि लोकांनी माना डोलावल्या, त्या मला हव्या होत्या. गोष्ट संध्याकाळपर्यंत वाढली. पोळ्या होत्या, त्यात गाणं आलं, गाण्यात नाच आला. आमच्याकडे शिमगा होळीनंतर पुढे कितीतरी दिवस चालतो. पुरुष सोंगं घेऊन, ढोल वाजवत घरोघर फिरतात, त्याला रोंबाट म्हणतात. गावात वर्षभरात कुणाचं काही चुकलं असेल तर त्याचं गाणं होतं आणि ते त्याच्याच दारात म्हणतात. मग घरवाल्यानं रागवायचं नाही, नाणं द्यायचं. त्या नाण्याला शबय म्हणतात. तर रोंबाट मांगराच्या दारात गेलं. पुढे एकजण पांढरा शर्ट घालून, डोक्यावर सूप घेऊन नाचत होता आणि मागून बाकीचे म्हणत होते:

चेडू गेला मातयेत, पोळये इले ताटात,
कंपाउंडर नाचता बघा शिमग्याच्या रोंबाटात.

मी गडग्यापाशी उभा होतो. 'माती' हा शब्द त्यांनी आपणहून घेतला होता, मी तो त्यांना दिला नव्हता. पण ऐकताना मला वाटलं, माझं खळ्यातलं बोलणं हे पुन्हा त्याच्या दारात जाऊन म्हणताहेत. आता दार उघडणार नाही, असं मला वाटलं. दानियलनं दार उघडलं. सूप घेतलेल्या माणसाच्या हातात त्यानं शबय ठेवली आणि म्हणाला, "गळा बसलाय तुझा. उद्या ये, गुळण्यांचं औषध देतो." ढोल एकदम थांबला. काहीजण हसले, पण ते हसणं पुढे गेलं नाही. मी तिथून निघून आलो. त्या वेळी मी पुढे जाऊन एक शब्द बोललो असतो तर... मी बोललो नाही.

मेमध्ये त्यानं बदली करून घेतली. सामान बोटीवर चढवायला गावातले लोक गेले, मला शाळेचं काम होतं. काम नव्हतं. निघायच्या दिवशी सकाळी रिबकावहिनी आईकडे आल्या. पदराखालून त्यांनी ते पितळी ताट काढलं. "आई, हे तुमच्याकडे राहू द्या. तिकडे मला ते बघवायचं नाही. आणि हिच्याजवळ तिचं काहीतरी असावं." हिच्याजवळ म्हणताना त्यांनी बागेकडे पाहिलं. मी आत होतो, बाहेर आलो नाही.

त्या गेल्यावर आईनं मला हाक मारली. ताट उपडं करून माझ्यापुढे धरलं. मागच्या बाजूनं ते सगळं ठोक्यांनी भरलेलं होतं, लहान लहान, एकमेकांवर पडलेले, पळीचे. त्या सणाला पोथी वाचताना ताट बडवायला कुणी नव्हतं, आणि सकाळी दानियलनं त्यातच माझ्यासाठी पोळ्या घातल्या होत्या. त्याच ताटातून मलका पोळ्या आणायची. आई म्हणाली, "वहिनीन सगळा सांगितल्यान माका." बस, एवढंच. मला तिनं कधी बोल लावला नाही. मात्र मरेपर्यंत दर होळीला ती पहिली पोळी त्या ताटात घालून काजीखालच्या चिऱ्यांवर ठेवून येई, आणि ती पोळी वाढायला मला कधी सांगत नसे.

गावात गोष्ट राहिली. कंपाउंडर पोर गेल्यावर नाचला, ही. शाळेत मुलांच्या तोंडी ते गाणं मी वर्षानुवर्षं ऐकलं. त्यांच्या बापांनी त्यांना शिकवलेलं. मास्तर असून मी एकाही मुलाला थांबवलं नाही, कारण थांबवलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, मग खरं काय? खरं असं की दानियल नाचला नाही. त्यानं अंथरुणाला खिळलेल्या बायकोला सणाच्या जोरावर एका दिवसासाठी उठवलं होतं, आणि मी तिला परत निजवलं. त्यानंतर ती कधी उठली, कशी उठली, मला ठाऊक नाही. उठली एवढं खरं, कारण मेमध्ये ती ताट द्यायला आली, पुढे एलिया झाला. आता ऐकतो, ती काजूगर खाऊन उठली. माझे काजूगर.

गेल्या फाल्गुनात एलियानं कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि फोनच्या पडद्यावर आम्हा दोघांना समोरासमोर आणलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. दानियल खुर्चीत बसला होता, अंगावर शाल, कानात यंत्र. मी त्याला ओळखलं ते डोक्यावरच्या टोपीवरून. फोन येणार हे मला आदल्या दिवशी कळलं होतं आणि मी वाक्य तयार करून ठेवलं होतं. बागेत जाऊन, मलकाच्या चिऱ्यांपाशी उभं राहून ते मोठ्यानं म्हणूनही बघितलं होतं: दानियल, तां ताट माझ्या हातान घेवक होया होतां, माका माफ कर. एवढंच होतं.

तो मला बराच वेळ निरखत राहिला. मग त्यानं विचारलं, "काजीचं झाड आहे?"

"आसा," मी म्हणालो. "बुंध्याक दोन हात पुरत नाय आता."

"ऊन लागत नाही ना तिला?"

"नाय."

त्यानं मान हलवली. शेजारून एलिया मोठ्यानं त्याच्या कानात म्हणाला, "बाबा, काकांना आणखी काही विचारायचंय?" दानियल हसला आणि म्हणाला, "मला काय विचारायचं? त्यालाच काहीतरी सांगायचं दिसतंय. सांग, बाळू."

ताट माझ्या मागच्या फळीवर होतं, त्याला दिसत असेल की नाही कोण जाणे. मी तोंड उघडलं. तो वाट बघत होता, घाई न करता, दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांची वाट बघायचा तसा...

मी म्हणालो, "औंदा मोहोर बरो आसा."